पान्हा सोडते ती गाय

आमच्या आजीच्या गोठ्यात एक म्हैस होती. तिचं रेडकू दोन महिन्यांचं होऊन दगावलं. त्या संध्याकाळी आजी जवळजवळ रिकामी चरवी घेऊन घरात आली आणि एवढंच म्हणाली, "पान्हा चोरला तिनं." मी लहान होतो. दूध तिचं, कास तिची, मग चोरी कसली, हा प्रश्न तेव्हा मला पडला आणि पुढे शब्दांच्या नादी लागल्यावर पुन्हा पुन्हा पडत राहिला. आजीनं म्हशीला दोष दिला नाही. ती रोज दोन्ही वेळा ठरलेल्या घटकेला गोठ्यात जाई, पुढ्यात आंबोण ठेवी, कोमट पाण्यानं कास धुई आणि सडांवरून हात फिरवत नुसती बोलत बसे. पाचव्या-सहाव्या दिवशी चरवीत धारेचा आवाज घुमला. "सोडला गं बाई," आजी म्हणाली.

चोरला आणि सोडला. या दोन क्रियापदांचा कर्ता म्हैस आहे. पान्ह्याभोवतीचे आपले वाक्प्रचार तपासले, तर गाय पान्हा सोडते, गाय पान्हा चोरते, गाय पान्हावते, आईला पान्हा फुटतो, असेच ते आहेत. माणसाच्या वाट्याला आलेली क्रियापदं वेगळी. तो धार काढतो, दूध पिळतो, वासरू लावतो आणि सोडवतो. पान्हा हा माणसाच्या कामाचा शब्द नव्हेच. जनावरानं आपणहून दिलेला तो होकार आहे, आणि भाषेनं तो जनावराच्याच नावावर ठेवला आहे.

'पान्हा' संस्कृतातल्या 'प्रस्नव' या शब्दापासून आला. 'स्नु' हा धातू पाझरणं, ठिबकणं या अर्थाचा. 'प्र' लागला की पुढे वाहणं. बाळाच्या ओढीनं जिचे स्तन पाझरू लागले, अशा आईला संस्कृतात 'प्रस्नुतस्तनी' म्हणत. प्राकृतात 'स्न'चा 'ण्ह' होतो. स्नानाचं ण्हाण आणि मग आपलं न्हाणं झालं. तसा प्रस्नवाचा 'पण्हव' आणि पुढे 'पान्हा' झाला. इतक्या वळणांवर उच्चार बदलला, पण अर्थ तसूभरही हलला नाही. प्रस्नव म्हणजे नुसतं दूध नव्हे, दूध सुटण्याची घटना. मराठीतही कासेत साठलेल्या दुधाला कुणी पान्हा म्हणत नाही. ते सुटू लागलं की पान्हा.

हा भेद शरीरशास्त्राला समजला तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. दूध कासेत तयार होणं आणि दूध सुटणं या दोन निराळ्या क्रिया आहेत. दूध बारीक कोशांमध्ये साठतं आणि त्या प्रत्येक कोशाभोवती आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचं जाळं असतं. वासरानं ढुशी दिली, सडाला तोंड लागलं, नुसता ओळखीचा हात फिरला, की मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते. मेंदूखालच्या ग्रंथीतून एक द्रव्य रक्तात उतरतं, मिनिटभराच्या आत कासेपर्यंत पोचतं आणि ते जाळं कोशांना आवळतं. म्हशीच्या कासेत सडालगतच्या पोकळीत फारच थोडं दूध असतं, बहुतेक सगळं वरच्या कोशांमध्ये. म्हणून पान्हा सुटल्याशिवाय म्हशीची चरवी भरत नाही. जनावर बिचकलं, गोठ्यात अनोळखी माणूस आला, मारहाण झाली, तर भीतीच्या वेळी रक्तात येणारं अ‍ॅड्रेनलिन हे सारं थोपवून धरतं. इली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४१मध्ये ते प्रयोगांनी मांडलं. आजी ज्याला चोरी म्हणत होती ती हीच. दूध आत होतं, होकार नव्हता.

रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांना 'हार्मोन' हे नाव मिळालं १९०५ साली. त्याआधी, १९०२मध्ये, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एक प्रयोग केला होता. आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात काढलेला त्याचा अर्क त्यांनी कुत्र्याच्या शिरेत टोचला, आणि मज्जातंतूंचा काही संबंध नसताना स्वादुपिंड पाझरू लागलं. अशा द्रव्यांना सामाईक नाव हवं होतं. केंब्रिजमधल्या एका जेवणाच्या वेळी ग्रीक भाषेचे जाणकार वेसी यांनी 'होर्माओ' हे क्रियापद सुचवलं, असं सांगतात. त्याचा अर्थ 'मी चालना देतो'. स्टार्लिंग यांनी १९०५च्या व्याख्यानांत ते नाव जगापुढे ठेवलं.

मराठीनं त्याला 'संप्रेरक' म्हटलं. 'ईर्' म्हणजे हलवणं, गती देणं. त्याला 'प्र' लागून प्रेरणा आणि प्रेरक झाले, 'सम्' जोडून संप्रेरक. ग्रीक शब्दाच्या ध्वनीमागे न धावता त्याच्या गाभ्यातला अर्थ उचलून बांधलेली ही संज्ञा आहे. परिभाषेवर बोजडपणाचा आरोप नेहमी होतो. हा शब्द त्या आरोपाला उत्तर देतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. ज्या प्रयोगानं या शब्दाला जन्म दिला, तो बाहेरून टोचलेल्या अर्काचा होता. शरीराच्या आतली भाषा माणसाला कळली ती बाहेरून तिची नक्कल करताना. जाणण्याची आणि ढवळाढवळ करण्याची वाट पहिल्या दिवसापासून एकच होती.

मेंदूखालची जी ग्रंथी पान्ह्याचा निरोप पाठवते, तिच्या नावातही मोठी गंमत आहे. युरोपातल्या जुन्या वैद्यांना वाटे, की मेंदूतला कफ तिथून नाकात उतरतो. लॅटिनमध्ये कफ म्हणजे 'पिट्युइटा', म्हणून ती 'पिट्युइटरी'. आपल्याकडे तिला पीयूष ग्रंथी किंवा पीयूषिका हे नाव मिळालं. पीयूष म्हणजे अमृत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अमरकोशात पीयूष म्हणजे नव्यानं व्यालेल्या गाईचं पहिलं दूधही. आपण ज्याला चीक म्हणतो आणि ज्याचा खरवस करतो, ते. ज्यांनी हे नाव बसवलं त्यांच्या मनात अमृत असेल किंवा मूळ शब्दाच्या आवाजाशी मिळतंजुळतं काही हवं असेल. पण कफाच्या गैरसमजातून सुटून ती ग्रंथी आपल्या भाषेत चिकाच्या नावावर आली, आणि चीक काय, दूध काय, ज्या निरोपावाचून सुटत नाही तो निरोप ती खरोखरच पाठवते. परिभाषेत असा योग क्वचित जुळतो.

त्या निरोपाचं शास्त्रीय नाव 'ऑक्सिटोसिन'. ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, जलद आणि 'टोकोस' म्हणजे प्रसूती. १९०६मध्ये हेन्री डेल यांना दिसलं, की या ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. नाव पडलं ते त्या गुणावरून. दूध सुटण्याशी असलेला संबंध १९१०मध्ये नोंदला गेला. म्हणजे द्रव्याच्या नावात बाळंतपण राहिलं आणि पान्हा राहून गेला. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३मध्ये प्रयोगशाळेत तयार केली, आणि १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. शरीरातला निरोप आता कुपीत भरता येऊ लागला.

कुपी गोठ्यात आली आणि वाक्याचा कर्ता बदलला. धार काढण्याआधी म्हशीला सुई टोचायची, मिनिटभरात कास मोकळी होते. वासरू लावायला नको, चुचकारायला नको. रेडकू जगलं काय नि मेलं काय, दुधाला खळ पडत नाही. त्यामुळे ते जगवण्याची गरजही उरत नाही. रोज सुई घेणाऱ्या जनावराचं शरीर पुढे सुईवाचून पान्हावायला तयार होत नाही. आतला निरोप येतो, पण त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. शहरात लोक विचारतात ते दुधातून हे द्रव्य आपल्या पोटात जाईल का, एवढंच. ही साखळी प्रथिनासारखीच पोटात पचून तुटते. खरा अन्याय पेल्यात दिसत नाही. तो गोठ्यात होतो, त्या जनावरावर आणि त्याच्या वासरावर.

ही जबरदस्ती कुपीच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिलाही एक शब्द आहे: 'फुका'. गाई-म्हशींच्या योनिमार्गात नळीनं हवा फुंकायची, म्हणजे दूध सुटतं. असाच प्रकार ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसनं सिथियन लोकांविषयी लिहून ठेवला आहे. ते हाडाच्या नळ्यांनी घोडींच्या योनिमार्गात हवा फुंकत आणि त्याच वेळी दुसरा माणूस दूध काढी. याचं कारण पुढे विज्ञानानं सांगितलं. वासरू जन्मताना तो मार्ग ताणला जातो आणि मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो. फुका म्हणजे जनावराच्या शरीराला जन्माचा खोटा भास देणं. बाहेरचं द्रव्य नसून बाहेरची हवा, पण फसवणूक तीच.

'फूत्कार' या ध्वनीतून फुंक आली, फुंकर आली. लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते ती फुंकर आणि हा फुका एकाच कुळातले, हे मला फार लागतं. श्वास तोच, एकात माया आहे, दुसऱ्यात लुबाडणूक. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, की फुक्याची माहिती कळल्यापासून त्यांना दुधाची शिसारी बसली होती. मोठ्या आजारपणातून उठताना माथेरानला जाऊनही प्रकृती सुधारेना, तेव्हा मुंबईत डॉक्टर दलाल यांनी दुधाचा आग्रह धरला. दूध न पिण्याचं आपलं व्रत का आहे हे सांगताना गांधीजींनी फुक्याचं नाव घेतलं. कस्तुरबांनी तिथेच विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? शेळीच्या दुधाची ती प्रसिद्ध गोष्ट सुरू होते ती या एका शब्दापाशी.

पुढे हा शब्द कायद्यात गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचं बारावं कलम फुका, त्याचंच दुसरं नाव डूमदेव, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक असं कोणतंही द्रव्य टोचणं, या सगळ्यांना गुन्हा ठरवतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय जनावर सरकारजमा. कायदा लिहिणाऱ्यांनी नळी आणि सुई एकाच ओळीत बसवली, कारण दोन्ही एकच काम करतात.

इथे द्रव्याला दोष देऊन भागणार नाही. २०१८मध्ये केंद्र सरकारनं ऑक्सिटोसिनचं देशातलं खाजगी उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं आणि त्यावर असंख्य स्त्रियांचे प्राण अवलंबून असतात. अडलेल्या गाईलाही पशुवैद्य ते देतात. द्रव्य तेच. एका ठिकाणी ते अडलेल्या शरीराच्या मदतीला जातं, दुसऱ्या ठिकाणी नकार देणाऱ्या शरीराचा नकार मोडतं.

आतलं आणि बाहेरचं यांची सरमिसळ भाषेला नवी नाही. 'मद्' या धातूकडे पाहा. बाहेरून प्यायचं ते मद्य. हत्तीच्या गंडस्थळातून आपोआप पाझरतो तो मद. त्या काळात त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी चढलेलं असतं. मन ताब्यात राहत नाही तो उन्माद. 'माद्यति'चं प्राकृतात 'मज्जइ' आणि मराठीत 'माजणं' झालं. गाय माजावर येते तो माज, लक्षणं न दाखवता येतो तो मुका माज, आणि पैशानं माणसाला चढतो तोही माज. एका धातूनं पेला, ग्रंथी आणि मस्ती यांना एकत्र बांधलं. प्यायल्यानं जे होतं तसंच काही आतूनही पाझरतं, ही जाण त्यात आहे. ग्रीकांनी मात्र माजाला बाहेरचं कारण दिलं. 'ओइस्ट्रोस' म्हणजे गुरांना चावून सैरावैरा पळायला लावणारी माशी. त्यावरून माजाला 'इस्ट्रस' आणि माज आणणाऱ्या संप्रेरकाला 'इस्ट्रोजेन' म्हणतात. आपल्याकडे गाईच्या अंगात मद आहे, त्यांच्याकडे गाईमागे माशी लागली आहे.

आणि कधी कधी माशी खरंच बाहेरून येते, चाऱ्यातून. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहिनाशा झाल्या. काहींचं गर्भाशय बाहेर येई, आणि खच्ची केलेल्या नरांच्या सडांतून चक्क दूध येऊ लागलं. दोष निघाला तो क्लोव्हरच्या एका जातीचा. आपला बरसीम त्याच कुळातला. त्या क्लोव्हरमधल्या एका द्रव्यापासून मेंढीच्या पोटातले जंतू 'इक्वॉल' तयार करतात आणि ते शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. इक्वॉल पहिल्यांदा सापडलं होतं १९३२मध्ये, गाभण घोडीच्या मूत्रात. म्हणून लॅटिन 'इक्वस'वरून ते नाव. 'इक्वस' आणि आपला 'अश्व' एकाच मुळाचे भाऊ. मेंढीच्या दुखण्याला घोड्याचं नाव आहे, आणि कारण गवतात आहे.

महाराष्ट्राला ओळखीचं उदाहरण सुबाभळीचं. बाभळीसारखी, पण गुणानं चांगली, म्हणून 'सु' लावलेली. लवकर वाढते, प्रथिनं भरपूर, शेळ्या आवडीनं खातात. पण तिच्यातलं मिमोसीन जनावराच्या पोटात मोडलं, की जे द्रव्य बनतं ते अवटू, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीचं काम अडवतं. अवटूचं संप्रेरक कमी पडतं, गळ्याशी सूज येते, केस गळतात. म्हणून जाणते लोक नुसती सुबाभूळ घालू नका, दुसऱ्या चाऱ्यात मिसळा, असं सांगतात. 'सु' हा उपसर्ग मापात घेतला तरच खरा ठरतो.

अशा सगळ्या द्रव्यांना १९९१मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे भरलेल्या बैठकीपासून एक नाव मिळालं. मराठीत त्याचं 'अंतःस्रावी व्यत्ययक' असं भाषांतर होतं. अर्थ बरोबर आहे, पण हा शब्द गोठ्यात पोचणार नाही. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द पडून आहे: तोतया.

पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून बाहेर पडला आणि भाऊंच्या नावावर कोकणातले बरेच किल्ले त्याला उघडले. किल्लेदार मूर्ख नव्हते. त्यांना नाव ओळखायचं होतं आणि नाव बरोबर होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झालं, पण तोवर दरवाजे उघडून गेले होते. पेशींचं असंच होतं. त्या संप्रेरकाचा आकार ओळखतात, आणणारा कोण ते नाही. इक्वॉल इस्ट्रोजेनचं नाव सांगत दारात उभं राहतं आणि दार उघडतं. ते तोतया संप्रेरक. सुबाभळीतलं द्रव्य मात्र तोतया नव्हे. ते खरा खलिता लिहूच देत नाही, म्हणून त्याला नाकेबंदी म्हणावं. एवढे दोन शब्द वापरले तरी हा विषय कुठल्याही दूध उत्पादकाला चहा पिता पिता समजावता येईल.

मग सुईतलं ऑक्सिटोसिन काय? ते तोतया नाही. रेणू अगदी खरा आहे, अस्सल मोहोरेचा. खोटा आहे तो प्रसंग. वासरू आलेलं नाही, हात फिरलेला नाही, आणि खलिता मात्र येऊन थडकला. म्हणून त्याला मी बनावट म्हणणार नाही, जबरीचा म्हणेन.

'वत्स' म्हणजे वासरू; 'वत्सरूप'वरूनच आपलं 'वासरू' झालं. वासरासाठी ओढ असणारी गाय ती वत्सल, आणि तिची ती अवस्था म्हणजे वात्सल्य. आईच्या मायेसाठी आपल्याकडे जो सर्वांत मोठा शब्द आहे तो गोठ्यातून आला आहे. ज्या ऑक्सिटोसिनला आज मायेचं द्रव्य म्हणून सगळीकडे ओळखतात, त्याचं काम आपल्या पूर्वजांनी गाईत पाहिलं आणि तिच्याच नावानं आईच्या मायेला नाव दिलं. ज्या गाईकडून आपण हा शब्द घेतला, तिला तरी तो पुरेपूर जगू द्यावा.

यासाठी काही फार करावं लागत नाही. ठरलेली वेळ, कोमट पाणी, पुढ्यात आंबोण, ओळखीचा हात आणि जिवंत वासरू. यांतली प्रत्येक गोष्ट तीच ग्रंथी जागी करते, तोच निरोप पाठवते, बाहेरून काहीही न टोचता. आजीला यातलं एकही शास्त्रीय नाव माहीत नव्हतं. तिला पाच-सहा दिवस थांबायचं माहीत होतं.

सुईनं आलेल्या दुधाला दूधच म्हणावं. ते काढलेलं दूध आहे, त्याचा कर्ता माणूस आहे. पान्हा हा शब्द मात्र त्याला लावू नये. जिनं तो सोडला, तिच्याच नावावर तो राहू द्यावा.